दोन दारे, चार दारे

इंग्लंडातल्या आमच्या घरापुढे दोन मोटारी उभ्या असतात. एक १९६७ सालची एमजीबी जीटी; ॲबिंग्डनची, ठेंगणी, दोन दारांची. मागची बैठक केवळ नावाला. थंडीत चोक ओढून मिनतवारी केल्याखेरीज जागी होत नाही. दुसरी, मुलाच्या आग्रहाने घेतलेली चार दारांची टोयोटा कोरोला. कुरकुर न करता सुरू होते. पाच माणसे सुखाने नेते. तिच्याविषयी सांगण्यासारखे एवढेच!

गेल्या दिवाळीत स्नेह्यांकडे फराळाला निघताना मी जुनीचे दार उघडले. सौभाग्यवती म्हणाली, "आता नाही हो वाकवत!" चाळीस वर्षे तीत माझ्या शेजारी बसलेली ही! मी मुकाट्याने कोरोला काढली.

जुनी काही विकवत नाही. रविवारी तिला पुसायला गेलो, की दुसरे फडके घेऊन हीही येते.