रुबी येणारा माणूस

देखभालीसाठी माझ्याकडे आलेल्या एका जुन्या जावा प्रकल्पात एक फाईल रुबीत आहे. कोणता भाग आधी कंपाईल करायचा, कोणत्या लायब्रऱ्या आणायच्या, चाचण्या कधी चालवायच्या आणि शेवटी सगळं एका जार फाईलीत कसं बांधायचं, हे ती सांगते. ती वाचून काम करणाऱ्या अवजाराचं नाव ‘अपाची बिल्डर’. नाव ऐकून फ्लॅटवाले आठवतात, पण हा फुकट बांधून देतो.

बिल्डर २००७ चं. तेव्हा जावावाले अँट किंवा मेव्हन वापरत. दोन्हींत सूचना एक्सएमएलमध्ये लिहायच्या. ठरलेल्या वाटेनं गेलात तर मेव्हन सुखाचं. पण ‘अमुक असेल तर तमुक कर’ एवढं सांगायलाही आडवळणं घ्यावी लागत. असाफ अर्किनने बिल्डर उभं केलं ते जिम वायरिकच्या ‘रेक’वर. मेव्हनची फोल्डरांची मांडणी आणि लायब्रऱ्यांची भांडारं त्यानं तशीच ठेवली. सूचनांची फाईल मात्र सरळ रुबी प्रोग्रामच केली. ‘जर-तर’ लिहायचं असेल तर लिहा. मला ते वाचताना अजूनही बरं वाटतं.

काम एका भाषेत आणि कामाच्या सूचना दुसरीत, याचं मला कोरपन्यात बसून नवल वाटत नाही. तेलंगणाची हद्द जवळ. इथं मराठीसोबत तेलुगू, गोंडी, कोलामीही कानावर पडतात. तरी व्यवहार अडत नाही, कारण समोरच्याची भाषा थोडी तरी येणारा कुणी ना कुणी असतोच.

बिल्डरचं तिथंच अडलं, असं मला वाटतं. जावावाल्यांच्या टीममध्ये रुबी येणारा एखादाच. तो नोकरी बदलून गेला, की त्या फाईलीला हात लावायला कुणी धजत नाही. सूचना म्हणजे प्रोग्राम, हा विचार ग्रेडलनेही घेतला; पण भाषा निवडली ग्रूव्ही, जावाच्या सख्ख्या बहिणीसारखी. २०१३ मध्ये अँड्रॉइडनेही ग्रेडल जवळ केलं. बिल्डरची शेवटची आवृत्ती २०१९ ची. २०२२ मध्ये ते अपाचीच्या ‘अ‍ॅटिक’मध्ये, म्हणजे माळ्यावर गेलं. कोड वाचता येतो, पण सुरक्षेची भोकं बुजवायला आता कुणी नाही.

म्हणून मी ती फाईल ग्रेडलमध्ये उतरवतो आहे. तिच्यात एक अट आहे: एक भाग मुद्दाम जुन्या जावासाठी कंपाईल होतो, कारण एका गिऱ्हाईकाचं मशीन अजून जुनंच आहे. अट सहज उतरते. कारण मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते फोन करकरून काढावं लागलं. नव्या फाईलीत ते आता अटीच्या वरच मराठीत लिहिलं आहे.

माझ्यानंतर हे काम बघणाऱ्या मुलीला जावा येते, रुबी नाही. जुनी फाईल काढून टाकण्याआधी तिला ती ओळ-ओळ वाचून दाखवतो आहे. भाषांतर बरोबर झालं का, हे तपासायला मूळ भाषा येणारं दुसरं कुणीतरी हवंच.