पंचेचाळिसावा दिवस

शुक्रवारी मालेगावचे माग बंद असतात, म्हणून माझं ऑफिस त्या दिवशी भरलेलं असतं. दुपारची नमाज उरकून मंडळी मोसम पूल ओलांडून कॅम्पाकडे येतात. कोणाच्या हातात बिलांची पिशवी, कोणाच्या हातात नुसता मोबाइल. फेब्रुवारी २०२४ मधल्या अशाच एका शुक्रवारी बारा मागांचे मालक असलेले एक चाचा आले आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "वकीलसाब, मेरा उद्यम काट दो."

मी वकील नाही, करसल्लागार आहे. पण विक्रीकराच्या काळापासून गावात हेच संबोधन चालत आलंय आणि ते दुरुस्त करणं मी केव्हाच सोडून दिलंय.

चाचांची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंद, मीच करून दिली होती, बँकेने कर्जासाठी मागितली म्हणून. आता त्यांचं ग्रे कापड घेणाऱ्या व्यापाऱ्याने निरोप धाडला होता: नोंदणी रद्द करा, नाहीतर पुढच्या वर्षी माल घेणं जमणार नाही. ज्या नियमामुळे चाचांना पैसे वेळेवर मिळायचे, त्याच नियमातून त्यांना स्वतःचं नाव पुसून हवं होतं.

नियम म्हणजे आयकराचं कलम ४३-बी (एच). २०२३ च्या वित्त कायद्याने ते आणलं आणि २०२३-२४ या वर्षाच्या हिशेबापासून ते लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. ही मुदत नवी नाही, ती २००६ च्या एमएसएमई कायद्यात होतीच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज, हेही त्यातच. २०२४ मध्ये बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज झालं २०.२५ टक्के. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एकाही मागवाल्याने हे व्याज मागितलेलं मी पाहिलं नाही. मागणार कसा? उद्या त्याच पेढीवर तागे घेऊन जायचंय.

म्हणून सरकारने दुसरी वाट काढली. मागवाला मागत नाही ना, मग देणाऱ्यालाच आयकरात अडकवा. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ती खरेदी त्या वर्षाच्या खर्चात धरली जाणार नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरा. विवरणपत्र भरायच्या तारखेपर्यंत पैसे चुकवले की खर्च मिळतो, ही ४३-बी मधल्या इतर देण्यांना असलेली सवलत इथे नाही.

कागदावर हे किरकोळ वाटतं, कारण खर्च बुडत नाही, फक्त पुढे जातो. पण कापडाच्या धंद्यात नफा किती? समजा एका भागीदारी पेढीला वर्षाचा खरा नफा ३ लाख झाला आणि ३१ मार्चला छोट्या मागवाल्यांचे मुदत टळलेले २० लाख द्यायचे राहिले. कर ३ लाखांवर नाही, २३ लाखांवर. त्या २० लाखांवरचाच कर, सेस धरून, ६ लाख २४ हजार. म्हणजे नफ्याच्या दुप्पट रक्कम आत्ता भरायची आणि खर्चाची वजावट पुढच्या वर्षी घ्यायची. व्यापाऱ्याने चाचांना निरोप का धाडला, हे त्याच्या जागी बसल्यावर मला कळतं. त्याचा माल पुढे बालोतरा, पाली किंवा अहमदाबादच्या प्रोसेस हाउसला जातो, रंगून बाजारात उतरतो आणि त्याचे पैसे तीन-तीन महिन्यांनी सुटतात. साखळीतल्या मधल्याच एका कडीला घड्याळ बांधलंय.

खालच्या कडीचं तर आणखी गमतीचं आहे. चाचा सूत घेतात ते सूत व्यापाऱ्याकडून. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण तिच्यात येत नाही. म्हणजे चाचांनी सूतवाल्याला केव्हा द्यायचं हे बाजार ठरवणार आणि चाचांना केव्हा मिळायचं हे कायदा. चाचांना वाटलं, हे आपल्या सोयीचं आहे. तसं ते आहेही, फक्त कायद्याच्या पुस्तकात.

माझी खरी डोकेदुखी मात्र कलम नाही, तारीख आहे. मुदत मोजायची ती माल स्वीकारल्या दिवसापासून. पोहोचला तो दिवस स्वीकाराचा; खरेदीदाराने १५ दिवसांच्या आत लेखी तक्रार केली असेल, तर ती मिटली तो दिवस. आता आमच्याकडची रीत पाहा. तागे टेम्पोतून जातात, सोबत चिठ्ठी. बिल आठवड्याने, कधी दोन-तीन खेपांचं मिळून एकच. घडी करताना कुठे डाग निघतो, कुठे जाळी, कुठे मीटर कमी भरतं. मग फोनवर कटौती ठरते. लेखी तक्रार कोण करतो? आणि पैशाचा वायदा महिन्याच्या तारखेवर नसतोच. "ईदच्या आधी", "दिवाळीला बघू", "प्रोसेसवाल्याचं आलं की". १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी हातमागावर हे गाव उभं केलं, नंतर यंत्रमाग आले, सायझिंगचे कारखाने आले. उधारीची ही भाषा मात्र हातमागाच्या काळातलीच राहिली.

आयकराचं ऑडिट होणाऱ्या व्यापाऱ्याच्या ३सीडी फॉर्ममध्ये १ एप्रिल २०२५ पासून वेगळा तपशील मागायला सुरुवात झाली: अशा उद्योगांना वर्षात किती द्यायचं होतं, मुदतीत किती दिलं, किती दिलं नाही. त्या तीन आकड्यांसाठी खरेदीदारांचे मुनीम माझ्या पक्षकारांना फोन करतात, "तुमचा उद्यमचा कागद पाठवा, सूक्ष्म की लघु ते सांगा." पक्षकार तो फोन मला जोडून देतो. याची फी कुणाकडून घ्यायची, हे अजून ठरलेलं नाही.

जीएसटीची कथा वेगळी, पण दुखणं तेच. चाचांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरायला उशीर झाला, तर बिल खरेदीदाराच्या २बी या क्रेडिटच्या यादीत दिसत नाही. मग तो कापडाचे पैसे देतो आणि वरचे पाच टक्के दाबून धरतो. शिवाय तिथली मुदत निराळी: पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट परत करा. एकाच बिलाला एक खातं दीडेक महिना देतं, दुसरं सहा महिने. बाजार कुठली मुदत पाळणार, हे सांगायला ज्योतिषी नको. एक बरं झालं: २२ सप्टेंबर २०२५ पासून मानवनिर्मित धाग्याचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अशा धाग्यावर बारा आणि कापडावर पाच, यामुळे अडकून पडणाऱ्या परताव्याच्या फायली आता तरी कमी होतील.

चाचांचं उद्यम मी रद्द केलं नाही. बँकेचं कर्ज आहे, सवलती जातील, हे समजावलं. त्यांच्या गल्लीतल्या दोघांनी मात्र दुसरीकडे जाऊन नोंदणी काढून टाकली. आणि चाचांचा व्यापारीही काही माल घ्यायचा थांबला नाही. बिलावर सही घेऊन ४५ दिवसांचा करार करा, असं मी सांगितलं. तो कागद चाचांनी महिनाभर पिशवीत फिरवला आणि न दाखवताच परत आणला.

एप्रिलमध्ये हिशेबाला बसलो. बँकेच्या उताऱ्यात ३० मार्चला व्यापाऱ्याकडून सगळी थकबाकी एकरकमी जमा झालेली. मुदत टळलेली असली, तरी ३१ मार्चच्या आत पैसे आले की त्या वर्षाचा खर्च वाचतो. मला आनंद झाला, म्हटलं, नियमाने काहीतरी केलं. पान उलटलं. ३ एप्रिलला त्यातले तीन चतुर्थांश पैसे त्याच पेढीच्या खात्यावर परत गेलेले.

"हे काय, चाचा?"

"उन्होंने मांगे थे. ईद के बाद दे देंगे."

ईद त्या वर्षी ११ एप्रिलला होती. कुठल्या ईदनंतर, हे मी विचारलं नाही. म्हटलं, नोंद तर करावी लागेल. तुम्ही त्यांना दिलेलं कर्ज म्हणून लिहितो.

चाचा एकदम पुढे सरकले. "कर्ज मत लिखो वकीलसाब. उनको बुरा लगेगा."