बंद घरे, भरलेल्या खोल्या

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069. सिंधुदुर्गातही घट. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे 16 टक्क्यांनी वाढला. कोकणात या काळात दुष्काळ नव्हता, साथ नव्हती. माणसे उठून गेली.

•

2011 मध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रिया: रत्नागिरीत 1122, मुंबई शहर जिल्ह्यात 832. हे आकडे जनगणनेच्या तक्त्यात लांब लांब छापलेले असतात, पण ते शेजारी ठेवूनच वाचायला हवेत. रत्नागिरीचा आकडा एकटा पाहिला की इथे मुलींना मान आहे, असा अर्थ काढायचा मोह होतो. मग सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा तक्ता उघडावा. तिथे मुली हजाराच्या खालीच आहेत. जन्माला मुलगे जास्त येतात आणि मिसरूड फुटल्यावर गावातून कमी होतात.

ते कुठे जातात, हे कोकणात कुणाला विचारावे लागत नाही. पूर्वी परळ, लालबाग. गावकीच्या खोलीत भिंतीला वळकट्या, गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायच्याही पाळ्या, जेवण खानावळीत. बायको गावी, शेत आणि सासू-सासरे सांभाळत, मनिऑर्डरची वाट बघत. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्या जमिनींवर टॉवर आले आणि चाकरमानी दिवा, नालासोपारा, विरारकडे सरकला. बेट-मुंबईची, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याची, लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर आली, हेही याच गोष्टीचे पान. मुंबईत खोली किती रुपयांना मिळते, यावर राजापूर-लांज्याच्या वाडीत कोण उरते हे ठरत आले आहे. माझ्या मते कोकणातल्या घरांचा अभ्यास मुंबईच्या भाड्यापासून सुरू व्हायला हवा.

•

जनगणनेच्या व्याख्या मला फार आवडतात. स्वतंत्र मुख्य दरवाजा असेल तर ते 'घर'. एकत्र राहून एका स्वयंपाकघरातले जेवतात ते 'कुटुंब'. म्हणजे भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या की घर एक, कुटुंबे दोन. माणूस आडवा होऊ शकेल एवढी, भिंती-दार-छप्पर असलेली ती 'खोली'. चाळीतल्या ज्या खोलीत स्वयंपाक, अभ्यास, बाळंतपण, पाहुणे सगळे होते, ती एक खोली. कोकणातली उघडी पडवी, जिथे दिवसाचा बराच वेळ जातो, ती मात्र मोजणीबाहेर.

•

2011 च्या गणनेत देशात जवळजवळ 2.47 कोटी घरे रिकामी निघाली. या एका शब्दात काय काय कोंबले आहे! भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवलेला फ्लॅट, बिल्डरकडे न विकलेली सदनिका, सात वारसांची नावे लागलेले आणि वाटणी न झालेले मातीचे घर. पहिल्या दोन्हींवर कर लावून काही साधेलही. तिसऱ्याला तलाठी, वकील आणि घरातला समजूतदार माणूस लागतो.

•

2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. होळी 19 मार्चला होती. पालखी घरी येणार म्हणून कुलपे निघतात त्याच्या थोडे आधी मोजणी संपली. माणूस नेहमी राहतो तिथेच मोजायचा, हा नियम योग्यच आहे. पण नळयोजना आणि दवाखाना या फेब्रुवारीच्या माणसांवर बेतले जातात, आणि भाद्रपदात वाडी भरली की विहिरीवर रांग लागते.

•

पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. रत्नागिरी शहराचा पिन 415 ने सुरू होतो, साताऱ्याचाही. मालवणचा 416 ने, कोल्हापूरचाही. मध्ये अख्खा सह्याद्री! टपाल लावायला ही वाटणी उत्तम. पहिल्या तीन अंकांवर घरांच्या किमतींची सरासरी काढली, तर घाट आणि समुद्र एकाच रकान्यात येतात.

•

ठाणे 2011 मध्ये देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, 1 कोटी 10 लाखांवर. 2014 मध्ये पालघर वेगळा झाला. पुढच्या गणनेशी तुलना करताना दोन्हींची बेरीज करायला विसरू नये. शंभर वर्षांची रत्नागिरी पाहायची तर 1981 नंतरचा सिंधुदुर्गही मिळवावा लागेल.

•

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027. जन्मस्थान आणि आधीचे राहण्याचे ठिकाण विचारण्याची पद्धत आहे. राहते घर मालकीचे की भाड्याचे, हेही विचारतात. मला त्यात आणखी एक प्रश्न हवा आहे: दुसरीकडे घर आहे का, आणि ते वर्षातून किती दिवस उघडते? आज दिव्यात भाड्याने राहणारा माणूस एका तक्त्यात भाडेकरू असतो, त्याचे देवरुखचे घर दुसऱ्या तक्त्यात रिकामे असते, आणि हे दोन्ही एकाच माणसाचे आहे हे सांगणारा रकानाच नाही.