शेजारच्या खुर्चीतलं डॉक्युमेंटेशन

आपल्या धंद्यात खरं डॉक्युमेंटेशन कुठे असतं? विकीवर? छ्या! ते असतं शेजारच्या खुर्चीत. "अरे, ते फोर्स वापरू नकोस हं, गोडाऊनला विचारल्याशिवाय," असं कुणीतरी जाता जाता सांगतं आणि आपण शहाणे होतो. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

हे काही आजचं नाही. १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये कमांडच्या माहितीखाली 'बग्ज' असा एक मथळा असायचा (आपल्याच मालाची खोट छापून सांगायची, काय माणसं होती!) आणि त्याच्याखाली 'ओनर'. म्हणजे इतकं वाचूनही कळलं नाही, तर कुणाचं डोकं खायचं ते.

आता टीममध्ये एआय एजंट नावाचा नवा भिडू आलाय आणि त्याला खायला कुणाचं डोकंच नाही. त्याला काय दिसतं? टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कुठलं इनपुट कुठल्या प्रकारचं त्याची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही टूलची ओळख मुख्यतः एवढ्यावरच होते. बाकी सगळा अंदाज. माणूस अडला की विचारतो, निदान हात आखडता घेतो. हा अडला की दुसरं दार ढकलून बघतो.

आमच्याकडे ऑर्डर रद्द करायचं एक टूल आहे. त्याचं वर्णन होतं, "ऑर्डर रद्द करते." इनपुट दोन : ऑर्डर नंबर आणि "फोर्स : हो/नाही". बस्स. एका शुक्रवारी संध्याकाळी एजंटला काही ऑर्डरी रद्द करायला सांगितल्या गेल्या. त्यातल्या काहींवर एरर आली, "अवैध स्थिती". एजंटने यादी पाहिली, फोर्स दिसलं, "हो" केलं.. काम फत्ते! फक्त त्या ऑर्डरी आधीच गाडीत चढल्या होत्या. गिऱ्हाइकाला पैसेही परत गेले आणि मालही पोचला. शनिवारभर सपोर्टची पोरं फोन करकरून पैसे परत मागत होती आणि शिव्या खात होती.

सोमवारच्या मीटिंगमध्ये "एआय मूर्ख आहे" यावर एकमत झालं. मला काही ते पटलं नाही. त्या एका ओळीवर रात्री अकरा वाजता एकट्या बसलेल्या फ्रेशरनेही हेच केलं असतं की!

मग ते वर्णन पुन्हा लिहिलं. "गाडीत न चढलेली ऑर्डर रद्द करते आणि पैसे लगेच परत पाठवते. हे मागे फिरवता येत नाही. गाडीत चढलेल्या ऑर्डरीसाठी रिटर्नचं टूल वापरा." एररसुद्धा बदलली : "ऑर्डर गाडीत आहे, रद्द होणार नाही, रिटर्न नोंदवा." माझ्या मते या एररचा उपयोग वर्णनापेक्षा जास्त, कारण ती नेमकी अडल्या वेळी समोर येते. आणि फोर्स? ते एजंटच्या टूलमधून काढूनच टाकलं. "वापरू नका" असं ठळक अक्षरात लिहिण्यापेक्षा हे बरं. अँथ्रॉपिकच्या लोकांनीही डिसेंबर २०२४ मध्ये असाच अनुभव लिहिला होता. एजंट मूळ फोल्डरबाहेर गेला की रिलेटिव्ह पाथ चुकवायचा, म्हणून त्यांनी टूलमध्येच पूर्ण पाथ सक्तीचा केला आणि तो घोळ मिटला.

आता काही उत्साही मंडळींनी प्रत्येक टूलला पानभर निबंध जोडायला घेतलाय. तेही नको रे बाबांनो. ही सगळी वर्णनं एजंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये जागा खातात, आणि त्या गर्दीत कामाची ओळ हरवते. पैसे जातात का, मागे फिरता येतं का, तारीख कुठल्या टाइमझोनची, रक्कम रुपयांत की पैशांत.. एवढं आलं तरी खूप.

गंमत म्हणजे नुकतीच जॉईन झालेली एक मुलगी ती नवी वर्णनं वाचून म्हणाली, "हे आम्हाला का नाही देत पहिल्या दिवशी?" तिथे कुणाकडेच उत्तर नव्हतं. माणसांसाठी हे लिहायला इतकी वर्षं कुणाला वेळ मिळाला नव्हता..

असो. अजून रिफंडचं टूल बाकी आहे. त्यातल्या खाचाखोचा एकाच गृहस्थांच्या डोक्यात आहेत, आणि ते गणपतीला गावी गेले की पंधरा दिवस फोन उचलत नाहीत. सोमवारी दुपारचे दोन तास त्यांच्याकडून मागून घेतलेत.