शिफारशीचा जमाखर्च

पुणे,
ज्येष्ठ शुद्ध दशमी

तीर्थरूप मामांचे चरणी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. मराठी ग्रंथांच्या शिफारशीसाठी जे संकेतस्थळ मी गेली काही वर्षे नोकरी सांभाळून चालवीत आहे, त्याची मनापासून वाखाणणी करून झाल्यावर अखेरीस आपण एकच प्रश्न विचारला आहे, की या सर्व खटाटोपाचा खर्च कोण सोसतो, आणि जो सोसतो त्याला त्याच्या मोबदल्यात काय हवे आहे. ज्या गृहस्थाने सारी हयात सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीच्या मेजाशी घालविली, समोर आलेल्या वाचकाशी चार शब्द बोलून त्याच्या हाती कोणते पुस्तक द्यावे हे ठरविले, आणि त्या निवडीबद्दल आपल्या वेतनापलीकडे कोणाकडूनही कवडीची अपेक्षा धरली नाही, त्याच्या मनात हाच प्रश्न प्रथम यावा हे स्वाभाविक आहे. मलाही तोच या कामाचा मूळ प्रश्न वाटतो. म्हणून सविस्तर उत्तर देण्याची मुभा घेतो.

या क्षेत्रात ज्यांचा कित्ता मी गिरविला, त्यांत पहिला मान टिम स्पॉल्डिंग या अमेरिकन गृहस्थांचा आहे. प्राचीन ग्रीक-लॅटिन विद्येचे हे अभ्यासक. मेन राज्यातील पोर्टलंड येथून चालणारे ‘लायब्ररीथिंग’ हे संकेतस्थळ त्यांनी २९ ऑगस्ट २००५ रोजी खुले केले. वाचकाने आपल्या घरच्या कपाटातील पुस्तके नोंदवावीत, नोंदीचा तपशील काँग्रेस ग्रंथालयासारख्या थोर ग्रंथालयांच्या सूचींतून आपोआप आणून द्यावा, आणि अशी कपाटे पुरेशी जमली म्हणजे कोणाचे कपाट कोणाशी जुळते हे पाहून एकाच्या आवडीचे ग्रंथ दुसऱ्यास सुचवावेत, ही त्यांची कल्पना आपल्यासारख्या सूचिकारास तत्काळ पटेल. २०० पुस्तकांपर्यंत नोंद विनामूल्य, त्यापुढे वर्षाला १० डॉलर किंवा जन्मभरासाठी २५, अशी वर्गणी होती. ही रक्कम लहान असली तरी तिचे फळ मोठे होते, कारण तिच्यामुळे संकेतस्थळाचा धनी वाचकच राहिला. पुढे वाचकांनी ग्रंथांना दिलेली विषयनामे आणि त्यांतून निघणाऱ्या शिफारशी सार्वजनिक ग्रंथालयांना पुरवून त्यांनी उत्पन्नाचा दुसरा मार्ग काढला, आणि २०२० साली वाचकांची वर्गणी सर्वस्वी माफ केली. मधल्या काळात एका जुन्या पुस्तकांच्या व्यापारी कंपनीने त्यांचा ४० टक्के हिस्सा घेतला होता आणि ती कंपनीच २००८ साली ॲमेझॉनने विकत घेतली, तरी बहुमताचा हिस्सा स्पॉल्डिंग यांच्याच हाती राहिल्यामुळे कारभाराची दिशा बदलली नाही. हिश्शांची ही वाटणी मी पुन्हा पुन्हा अभ्यासली आहे, आणि ‘स्वतंत्र’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ मला तिथेच उमगला.

याच्या उलट बाजूला ‘गुडरीड्स’ आहे. ऑटिस आणि एलिझाबेथ चँडलर यांनी जानेवारी २००७ मध्ये आरंभिलेले हे संकेतस्थळ वाढीच्या बाबतीत सर्वांच्या पुढे गेले. पण त्याच्या ग्रंथनोंदींचा फार मोठा भाग ॲमेझॉनच्या सूचीतून येत असे. त्या सूचीच्या अटी जाचक वाटू लागल्या तेव्हा, २०१२च्या आरंभी, चालकांनी तो आधार सोडला, अन्यत्रून नोंदी मिळविल्या, आणि ज्या पुस्तकांची नोंद नाहीशी होण्याची भीती होती ती हाताने पुन्हा नोंदविण्याचे आवाहन सभासदांना केले. वाचकांनी ते मनापासून केले. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, ॲमेझॉनने संपूर्ण गुडरीड्स विकत घेतले. सभासदांनी प्रेमाने केलेल्या नोंदी, परीक्षणे आणि अभिप्राय एका विक्रेत्याच्या मिळकतीत जमा झाले, आणि डिसेंबर २०२० पासून त्या दप्तरातील नोंदी बाहेरच्या नव्या कार्यकर्त्यांना यंत्राद्वारे वापरू देण्याची सोयही बंद झाली. कोणी कायदा मोडला असे मी म्हणत नाही. परंतु ज्याच्या घरी पुस्तके विकली जातात त्याच्याच घरी ती कोणी वाचावीत याचा निवाडा होऊ लागला, की निवाड्यावरील विश्वास पातळ होत जातो, आणि शिफारशीजवळ विश्वासावाचून दुसरे भांडवलच नसते.

लंडनच्या नादिया ओदुनायो यांनी २०१९ मध्ये ‘स्टोरीग्राफ’चे काम हाती घेतले ते या पार्श्वभूमीवर. ग्रंथाची गती संथ आहे की वेगवान, त्याची भाववृत्ती कोणती, त्यात वाचकास क्लेश होतील असे प्रसंग आहेत काय, अशा प्रश्नांवरून त्या पुस्तक सुचवितात. वाचकाने दुसरीकडे केलेली आपली नोंद तशीच्या तशी येथे आणावी अशी तजवीज त्यांनी ठेवली आहे. आणि बाहेरचे भांडवल न घेता, काही सभासदांच्या स्वेच्छेच्या वर्गणीवर हा व्याप त्यांनी, आज्ञावलीचे बहुतेक काम स्वतः करीत, २०२२ पर्यंत दहा लाख सभासदांपर्यंत नेला. एका व्यक्तीस हे साधू शकते ही जाणीव मला फार आधाराची झाली.

परंतु मामा, पैशाच्या प्रश्नाआधी नोंदीची पायरी येते, आणि मराठीत सारे कष्ट तिथेच पडतात. इंग्रजी ग्रंथांसाठी असे काम काढणाऱ्यास आय.एस.बी.एन. या क्रमांकाचा धागा धरून जवळजवळ तयार सूची लाभते. आपल्या जुन्या पुस्तकांना हा क्रमांक असणेच शक्य नव्हते, आणि कित्येक लहान प्रकाशक आजही त्या वाटेस जात नाहीत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली, आणि १९३८ ते १९५० या काळाची पुढे १९६१ मध्ये आली. आपण मला लहानपणी दाखविलेले ते दोन खंड आजही माझ्या मेजावर असतात, आणि त्या पुरुषाच्या चिकाटीपुढे मी रोज नतमस्तक होतो. १९५०च्या पुढचे सारे मात्र विखुरलेले आहे. प्रकाशक आपल्या याद्या आनंदाने पाठवितात, पण त्या पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत असतात, जिथे पडद्यावर देवनागरी दिसत असले तरी आत साठविलेली अक्षरे रोमन असतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून प्रत्येक जोडाक्षर डोळ्यांखालून घालावे लागते.

रूपांतर झाले तरी शोधाचा प्रश्न उरतोच. आपण शिकविल्याप्रमाणे मी ग्रंथनाम मुखपृष्ठाच्या आतील पानावर छापले असेल तसेच नोंदवितो, म्हणजे १९६२च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे पुस्तक असेल तर त्यातील अनुच्चारित अनुस्वारही कायम राहतात. पण आजचा वाचक ‘काही’ असे लिहून शोधतो आणि ग्रंथावर ‘कांहीं’ असते. ‘वाऱ्यावरची वरात’मधला अर्धा ‘र’ डोळ्यांना एकच दिसतो; संगणकाच्या दप्तरी तो दोन निराळ्या रीतींनी साठविला जातो, आणि एका रीतीने नोंदलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्यास सापडत नाही. म्हणून प्रत्येक नावामागे मी त्याचे एक अदृश्य रूप ठेवतो, ज्यात अनुस्वार गाळलेले, ऱ्हस्व-दीर्घ समान केलेले आणि अर्धा ‘र’ एकाच पद्धतीचा असतो. शोध त्या रूपात होतो, वाचकासमोर मात्र मूळ नावच येते. हे काम कोणाच्या नजरेस पडत नाही, पण पन्नास वर्षांत कोणी मागितले नसेल असे पुस्तक एखाद्या वाचकास पहिल्या शोधात सापडते, तेव्हा मला जो आनंद होतो त्याची कल्पना आपल्याखेरीज कोणास येईल असे वाटत नाही.

शिफारस यंत्राने करावी की माणसाने, हाही मुद्दा आपण काढला आहे. यंत्राची रीत सांगतो. पुष्कळ वाचकांच्या यादीत दोन पुस्तके जोडीने आढळली, की यंत्र त्यांना परस्परांचे सोबती मानते. पण ‘श्यामची आई’ आणि ‘मृत्युंजय’ बहुतेक सर्वांच्याच यादीत असतात. निव्वळ मोजणी केली तर कृषिशास्त्र वाचणाऱ्यासही तीच दोन सुचविली जातील. म्हणून एखादे पुस्तक सर्व वाचकांत जितके आढळते त्याहून या विशिष्ट ग्रंथाच्या वाचकांत किती अधिक आढळते, हे प्रमाण काढावे लागते. आणि वाचकसंख्या थोडी असेल तेव्हा केवळ योगायोगाने हे प्रमाण फुगू नये यासाठी काही किमान संख्येची मर्यादा घालावी लागते. इंग्रजीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मराठीत अत्यंत चांगली अशी कितीतरी पुस्तके तिच्या खालीच राहतात, आणि नव्या पुस्तकापाशी तर मोजण्यासारखे काहीच नसते. ग्रंथालीने १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ वाचकांपुढे ठेवले, तेव्हा त्या ग्रंथाचा मागचा सोबती असा कोणता दाखविता आला असता? कोणीतरी तो वाचला, त्याची योग्यता ओळखली, आणि स्वतःच्या नावानिशी इतरांस सांगितले, म्हणूनच तो घरोघर पोचला. माझा निर्णय यातूनच झाला: यंत्राने जुळणी दाखवावी, पण शिफारस या नावाने जे प्रसिद्ध होईल त्याखाली माणसाची सही असावी.

सही करणाऱ्याने तीन गोष्टी सांगाव्यात असा माझा आग्रह असतो: कोणते पुस्तक आवडलेल्या वाचकासाठी ही शिफारस आहे, ती का आहे, आणि हे पुस्तक कोणास रुचणार नाही. तिसरा प्रश्न पुष्कळांना अवघड वाटतो. पण वाचकाचा भरवसा त्याच उत्तरावर बसतो असा माझा अनुभव आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून जो भारावला, त्यास आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ आणि आनंदीबाई शिर्के यांची ‘सांजवात’ यांपैकी आधी कोणते द्यावे आणि का, याचे अर्ध्या पानाचे विवेचन एका शिक्षिकाबाईंनी लिहून पाठविले आहे. पन्नास सर्वोत्कृष्ट ग्रंथांच्या याद्यांपेक्षा ते अर्धे पान मला अधिक मोलाचे वाटते. आश्चर्य असे, की वाढही अशाच पानांमुळे झाली. सर्वसाधारण याद्यांना गर्दी होते आणि गर्दी तशीच पांगते. एखाद्या अरुंद विषयावरील जाणकार पानाशी जो येतो तो थांबतो, स्वतःची यादी नोंदवितो, आणि काही महिन्यांनी स्वतः शिफारस लिहून पाठवितो. परदेशस्थ मराठी मंडळी यांत बरीच आहेत. त्यांचा पहिला प्रश्न पुस्तक मिळेल कोठे हाच असतो, म्हणून प्रत्येक नोंदीखाली प्रकाशकाचा पत्ता आणि, पुस्तक दुर्मीळ असल्यास, ते ज्या ग्रंथालयात असल्याची खातरजमा झाली आहे त्याचे नाव देतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. या कामाचा खर्च म्हणजे सर्व्हरचे भाडे, नावाच्या नोंदणीचे वार्षिक शुल्क आणि माझा वेळ. पहिल्या दोहोंपुरती वर्गणी सभासद स्वेच्छेने देतात, आणि तिचा हिशेब दर वर्षअखेर सर्वांस दिसेल असा प्रसिद्ध होतो. विक्रीवर दलाली मी घेत नाही. इतरांनी ती प्रामाणिकपणे घेऊन उत्तम कामे केली आहेत. अमेरिकेत २०२० साली सुरू झालेली ‘बुकशॉप’ ही संस्था शिफारस करणाऱ्यास विक्रीच्या १० टक्के देते आणि तितकीच रक्कम स्वतंत्र दुकानदारांच्या निधीत घालते, या योजनेविषयी मला आदर आहे. पण मराठीत ज्या पुस्तकांना शिफारशीची खरी गरज आहे त्यांतली बहुतेक विकत मिळतच नाहीत. दलालीवर अवलंबून राहिलो, तर जे दुकानात आहे तेच सुचविण्याकडे माझे मन नकळत झुकेल, आणि दात्यांच्या सूचीतील हजारो ग्रंथ पुन्हा अंधारात जातील. स्वतःच्या किंवा आप्ताच्या पुस्तकाची शिफारस कोणी करू नये, आणि प्रकाशकाकडून भेट आलेल्या प्रतीचा उल्लेख शिफारशीतच करावा, हे आणखी दोन नियम आहेत. सभासदाने आपली संपूर्ण नोंद हवी तेव्हा उचलून न्यावी यासाठीही सोय केली आहे; उद्या माझी बुद्धी फिरली तरी वाचकाचे दप्तर माझ्या ताब्यात अडकून पडणार नाही.

या निमित्ताने एक विनंती करतो. ग्रंथकारांच्या नावांची अधिकृत यादी अजून सिद्ध झालेली नाही. कुसुमाग्रजांच्या कवितेखाली कुसुमाग्रज हे नाव ठेवून नाटकांखाली वि. वा. शिरवाडकर ठेवावे काय, गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम या तीन नावांतले मुख्य शीर्षक कोणते आणि निर्देश कोणते, विवाहानंतर नाव बदललेल्या लेखिकांच्या आधीच्या पुस्तकांची वाट काय, अशा प्रश्नांवर मी दरवेळी वेगळा निर्णय घेऊ लागलो तर पुढे सगळेच विस्कळीत होईल. हे नियम आपण ठरवून द्यावेत, आणि ते आपल्या नावाने प्रसिद्ध व्हावेत, अशी माझी इच्छा आहे. पहिल्या शंभर नावांची यादी या पत्रासोबत, आपल्या डोळ्यांना त्रास पडू नये म्हणून मोठ्या अक्षरात छापून, पाठवीत आहे. समास मोकळा ठेवला आहे, त्यात आपल्या नेहमीच्या लाल शाईने दुरुस्त्या कराव्यात. श्रावणात मी तिकडे येणार आहे, तेव्हा ती घेऊन जाईन, आणि आपल्या वेळच्या देवघेवीच्या जुन्या नोंदवह्या ग्रंथालयात अद्याप शाबूत असतील तर त्याही पाहण्याची परवानगी चिटणीसांकडून मिळवून ठेवावी.

मामींस साष्टांग नमस्कार सांगावा. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक
भाचा