सर्व माणसें

मागील वर्षीं डिसेंबरच्या दहा तारखेस, मानवी हक्कांच्या दिवशीं, इयत्ता नववीच्या वर्गास आम्हीं भाषांतरासाठीं एक लहानसें इंग्रजी वाक्य दिलें : ‘ऑल मेन आर ब्रदर्स.’ चारच शब्दांचें वाक्य. आम्हांस वाटलें, पांच मिनिटांत आटोपेल व उरलेल्या तासांत व्याकरण घेतां येईल. बहुतेकांनीं ‘सर्व माणसें भाऊ आहेत’ असें लिहिलें. एका मुलीनें मात्र लिहिलें, ‘सर्व पुरुष एकमेकांचे भाऊ आहेत.’ आम्हीं ‘पुरुष’ हा शब्द तांबड्या शाईनें खोडला, वर ‘माणसें’ असें लिहिलें व वही परत केली. मधल्या सुटींत ती वही घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं उभी राहिली व म्हणाली, “सर, माणसांत आम्ही मुली येतों, तर मग आम्ही भाऊ कशा?”

आम्हीं शिक्षकास शोभेल असें उत्तर दिलें. पुंलिंगी शब्दांत स्त्रीलिंगाचा समावेश होतो, हा भाषेचा संकेत आहे. एवढेंच नव्हे, तर १८९७ च्या ‘जनरल क्लॉजेस ॲक्ट’ या कायद्याच्या तेराव्या कलमांतही तसें लिहिलेलें आहे, असें तिला सांगितलें. ‘विषयाला किंवा संदर्भाला बाध येत नसेल तर’ अशी त्या कलमाची अट आम्हीं सांगितली नाहीं, कारण ती त्या वेळीं आम्हांस ठाऊकच नव्हती. “बरं सर,” असें म्हणून मुलगी गेली. या दोन शब्दांत किती असमाधान मावतें, हें कोणताही शिक्षक सांगूं शकेल.

त्या रात्रीं आपलें उत्तर पक्कें करावें म्हणून आम्ही वाचूं लागलों, आणि तें पक्कें होण्याऐवजीं उसवत गेलें. १९१६ सालीं रेजिना गुहा या बाईंनीं, कायद्याची पदवी हातीं असतांना, वकिलीची सनद मागितली. वकिलीच्या कायद्यांत पुंलिंगी सर्वनाम होतें. पुंलिंगांत स्त्रीलिंग येतें हा नियम तेव्हांही अस्तित्वांत होता. तरी कलकत्त्याच्या हायकोर्टानें सनद नाकारली. पांच वर्षांनीं पाटण्याच्या हायकोर्टानें सुधांशुबाला हाजरा यांनाही तसेंच परत पाठविलें. अखेर १९२३ सालीं स्त्रियांना वकिली करतां यावी म्हणून निराळा कायदा करावा लागला. आपल्या नाशकांत १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची हकीकतही याच जातीची. त्यांचे वडील ख्रिस्ती मिशनरी, आई फ्रान्सिनाबाई पुण्यांत शाळा चालविणाऱ्या. डेक्कन कॉलेजांत शिकून कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ सालीं तेथील कायद्याची परीक्षा उतरल्या. परंतु त्या विश्वविद्यालयानें स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला तो १९२० सालीं. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत स्त्री मावत होती, पदवीच्या कागदांत मावत नव्हती! कानडा देशांत तर स्त्री ही सीनेटवर नेमण्याजोगी ‘व्यक्ति’ आहे कीं नाहीं, याचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलास १९२९ सालीं द्यावा लागला. निकाल ‘आहे’ असा लागला, हें समाधान.

आम्हीं फळ्यावर लिहिलेलें तें वाक्य कोठलें, हेंही त्याच वाचनांत नीट उलगडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करण्याचें काम एका आयोगाकडे सोंपविलें. त्याच्या अध्यक्षा अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट. पहिल्या कलमाचा १९४७ मधील एक मसुदा याच वाक्यानें सुरू होत होता. आयोगावर भारताच्या वतीनें श्रीमती हंसा मेहता होत्या. त्यांचा जन्म १८९७ सालीं सुरतेस झाला. वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण. अखिल भारतीय महिला परिषदेचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें होतें, आणि महर्षि कर्व्यांनीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरु होत्या. १९४७ च्या ऑगस्टांत, स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीं, भारतीय स्त्रियांच्या वतीनें घटना समितीस राष्ट्रध्वज अर्पण केला तो यांनींच. त्यांनीं आयोगापुढें हरकत घेतली कीं, ‘मेन’ या शब्दाचा अर्थ कित्येक देशांत केवळ पुरुष असाच केला जाईल व स्त्रिया बाहेर राहतील. रूझवेल्टबाईंस हें प्रथम तितकेंसें पटलें नाहीं. इंग्रजींत या शब्दांत स्त्रियाही येतात, असें त्यांचें म्हणणें. म्हणजे आम्हीं नववीच्या मुलीस दिलें तेंच उत्तर, हें वाचून आम्हांस थोडें हायसें वाटलें. पण तें क्षणभरच. कारण हंसाबाईंच्या मागें कलकत्ता आणि पाटणा येथील निवाडे उभे होते, आणि आमच्या मागें केवळ एक व्याकरणाचें पुस्तक.

शब्द बदलला. ‘सर्व मानव’ असा अर्थ होणारे इंग्रजी शब्द तेथें आले, आणि १० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें जाहीरनामा मंजूर झाला; अनुकूल मतें ४८, प्रतिकूल एकही नाहीं, आणि आठ राष्ट्रें तटस्थ. तथापि, त्याच पहिल्या कलमाच्या शेवटीं सर्वांनीं बंधुभावानें वागावें हे शब्द राहिले ते राहिलेच. तेविसाव्या व पंचविसाव्या कलमांतही ‘स्वतः व आपलें कुटुंब’ म्हणतांना इंग्रजी सर्वनाम पुरुषाचेंच आहे. घर झाडून काढलें तरी कोपऱ्यांत केर सांपडावा, तसें हें.

या कामास एकट्या हंसाबाईच होत्या असें मात्र नव्हे. २६ जून १९४५ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या, त्यांत चार स्त्रियांच्या सह्या आहेत. ब्राझीलच्या बर्था लुट्झ या बेडकांचा अभ्यास करणाऱ्या प्राणिशास्त्रज्ञ होत्या. चीनच्या वू यी-फांग या नानकिंग येथील जिन्लिंग या मिशनच्या स्त्री-महाविद्यालयाच्या अध्यक्षा होत्या. मिशनच्या शाळांतून निघालेल्या थोर माणसांची यादी आपण स्नेहसंमेलनांत दरवर्षीं वाचतों. त्या यादींत हें नांव आम्हीं कधीं ऐकलें नाहीं.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचें निर्मूलन करण्याचा करार १९७९ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं स्वीकारला. भारतानें त्यावर १९८० मध्यें सही केली व १९९३ मध्यें त्यास मान्यता दिली. परंतु कोणत्याही समाजाच्या खासगी व्यवहारांत त्या समाजाच्या पुढाकारावांचून व संमतीवांचून ढवळाढवळ करणार नाहीं, असें निवेदन सोबत जोडलें. विवाह आणि कुटुंब हे विषय असे उंबऱ्याच्या आंत राहिले. स्त्रीची अडचण बहुधा उंबऱ्याच्या आंतच असते, हें करार लिहिणाऱ्या बायांना ठाऊक असणारच.

आपल्या ख्रिस्ती समाजाचें उदाहरण याहून जुनें आहे. त्रावणकोरांतील १९१६ च्या कायद्याप्रमाणें ख्रिस्ती मुलीस भावाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पांच हजार रुपये, यांपैकीं जें कमी असेल तेवढेंच मिळे. मेरी रॉय या शिक्षिकेनें त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली आणि १९८६ सालीं जिंकली. ज्यांनीं बायबलमधील गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय वाचला आहे, त्यांना सलाफहादाच्या पांच मुली आठवतील. त्यांनींही मोशेपुढें उभें राहून बापाच्या वतनांत वाटा मागितला होता, आणि त्यांचें म्हणणें रास्त ठरलें होतें. (छत्तिसाव्या अध्यायांत त्यांच्या लग्नावर एक अट आली, ती हकीकत संडे-स्कुलांत सहसा सांगत नाहींत.)

हें सर्व आम्हीं पुढील आठवड्यांत वर्गास सांगितलें. तांबड्या शाईची खूण आम्हींच खोडली. त्यावर त्याच मुलीनें विचारलें, “सर, आपल्याकडे मुलींना सारखा वाटा मिळतो?” आम्हीं म्हटलें, “होय. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें मुलगा व मुलगी यांचे हिस्से सारखे.” हें खोटें नव्हतें, पण तें सांगतांना आम्ही खिडकीबाहेर पाहत होतों.

आमचे वडील सहा वर्षांपूर्वीं वारले. आई त्यापूर्वींच प्रभूघरीं गेली होती. मागें आम्ही दोघें : ताई आणि आम्ही. घर व त्यामागची थोडी जागा एवढीच मिळकत. महिन्याभरांत वडिलधाऱ्यांनीं ताईकडे हक्कसोडपत्राची गोष्ट काढली. माहेर राखावयाचें असेल तर बहिणीनें भावाशीं वाटे करूं नयेत, असें ते म्हणाले, आणि आम्ही गप्प बसलों. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत सारें काम पाऊण तासांत झालें. ताईचें छायाचित्र निघालें, अंगठा उमटला, कारकुनानें बोट ठेवलें तेथें तेथें तिनें सही केली. तो कागद तिनें वाचला नाहीं. खरें म्हणजे, आम्हीं तिला वाचावयास दिला नाहीं. येतांना तिला एक चांगली साडी घेऊन दिली आणि आपण मोठे उदार आहों असें वाटून आम्ही घरीं आलों.

नाताळच्या सुटींत तिच्याकडे गेलों तेव्हां वकिलाकडून एक मसुदा करून नेला होता. ताई करंज्या तळीत होती. तिनें विस्तव मंद केला, हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कागद वाचला. आपल्या सासरच्या गांवाच्या नांवांतील एक चूकही दाखविली. मग वर मथळ्यावर बोट ठेवून म्हणाली, “बक्षीसपत्र? माझाच वाटा, आणि मला बक्षीस होय रे?”

आम्हीं समजावून सांगितलें कीं, एकदां सोडलेला हक्क परत देण्यास कायद्यांत हाच मार्ग आहे व त्याचें नांव हेंच आहे.

“तूं मास्तर ना भाषेचा? दुसरा शब्द शोध. मग सही करतें,” असें म्हणून ती करंज्यांकडे वळली.

आम्हीं वकिलांना दोनदां विचारलें. मथळा बदलतां येणार नाहीं, असें ते म्हणतात. ताईचा निरोप आहे कीं, मथळा राहूं दे; पण हा वाटा मूळचा तिचाच होता, हें आरंभीं स्पष्ट शब्दांत लिहावें. तशी हरकत नाहीं, असें वकील म्हणाले. तें वाक्य आम्ही सध्यां लिहीत आहों. तीन वेळां लिहून झालें आहे व ताईनें दोनदां परत पाठविलें आहे.