ब्रेगाल्या : घाटाखालची शांत दरी

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी आणि शिफॉनची साडी नेसून बर्फात गाणं म्हणणारी नायिका! सहल कंपन्याही याच चित्रामागं धावतात. ल्युसर्न, टिटलिस, युंगफ्राऊ. फोटो काढा आणि चला परत बसमध्ये. पण याच देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, इटलीच्या कुशीत शिरलेली एक दरी आहे. तिचं नाव ब्रेगाल्या. आपल्याकडच्या सहलींच्या पत्रकात ते सहसा सापडत नाही. ज्यांना डोंगरात पायांनी हिंडायची हौस आहे, त्यांनी मात्र ते टिपून ठेवावं.

दरीत जायचं ते सेंट मॉरिट्झहून, पोस्टाच्या पिवळ्या बसनं. श्रीमंतांचं हे गाव मागं टाकून बस तळ्यांच्या काठाकाठानं जवळजवळ सपाटीवर धावत राहते. मालोया ही खिंड १८१५ मीटर उंचीवर आहे, पण या बाजूनं चढ असा जाणवतच नाही. आणि मग एकदम जमीन संपते! घाटमाथ्यावरच्या पठारावरून चालता चालता अचानक पायांखाली कोकण दिसावं, तसाच हा प्रकार. बस वळणं घेत घेत खाली उतरते आणि इटलीच्या सीमेवरच्या कास्तासेन्या गावात पोहोचेपर्यंत आपण अकराशे मीटरहून अधिक खाली आलेले असतो. वरच्या सूचिपर्णी वृक्षांच्या जागी चेस्टनटच्या बागा दिसू लागतात. हवा बदलते, भाषाही बदलते. वर जर्मन आणि रोमान्श, खाली इटालियन. गंमत म्हणजे इटालियन बोलणारी ही मंडळी सोळाव्या शतकापासून प्रोटेस्टंट आहेत.

मायरा नदीच्या काठानं कासाच्या, विकोसोप्रानो, स्ताम्पा अशी लहान लहान गावं लागतात. सुप्रसिद्ध शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्ती स्ताम्पाजवळच्या बोर्गोनोवोत १९०१ साली जन्मला. काडीसारख्या लांबसडक माणसांच्या मूर्ती घडवणारा हा कलावंत पॅरिसमध्ये राहिला, तरी गावाकडं येत राहिला आणि १९६६ मध्ये गावच्याच दफनभूमीत विसावला. १९९८ साली निघालेल्या शंभर फ्रँकच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. ती नोट २०२१ मध्ये चलनातून गेली.

दरी अरुंद आणि दोन्ही बाजूंचे डोंगर उंच, त्यामुळं ऐन हिवाळ्यात तळाच्या गावांना कित्येक आठवडे सूर्यदर्शन होत नाही. अपवाद सोल्यो गावाचा. १०९० मीटरवर, उतारावरच्या एका नैसर्गिक सज्जावर हे गाव बसलं आहे. दगडी पाट्यांची छपरं, दोन माणसं जेमतेम समोरासमोर जातील अशा गल्ल्या, आणि सतराव्या शतकातला सालिस घराण्याचा वाडा, जिथं हल्ली हॉटेल चालतं. सेगान्तिनी या चित्रकाराला हे गाव इतकं भावलं, की तो इथं हिवाळे घालवी. गावाच्या टोकाला उभं राहिलं की समोर दरीपलीकडं ग्रॅनाइटच्या सुळक्यांची रांग दिसते. त्यात एक भलीमोठी, तासून काढल्यासारखी सपाट करडी भिंत आहे. ती पित्स बादिलेची.

आपल्याकडचे प्रस्तरारोहक सह्याद्रीच्या कातळावर तयार झालेले असतात. सुटे धोंडे आणि घसाऱ्याशी त्यांची जुनी ओळख. बादिलेचा ग्रॅनाइट वेगळा, खरबरीत आणि बुटाला धरून ठेवणारा. ३३०८ मीटर उंचीच्या या शिखराची उत्तर धार १९२३ साली सर झाली. ईशान्येची भिंत मात्र जुलै १९३७ पर्यंत कुणालाच दाद देत नव्हती. लेक्कोचा रिकार्दो कासीन आणि त्याचे दोन सोबती तिच्यावर चढू लागले, तेव्हा कोमोचे मोल्तेनी आणि वाल्सेक्की आधीच भिंतीवर होते. पुढं पाचही जण एकत्र चढले. वादळानं गाठलं, तीन दिवस झुंज चालली. शिखर सर झालं, पण कोमोचे ते दोघं थकव्यानं आणि थंडीनं दगावले. कासीननं हीच भिंत १९८७ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा चढून दाखवली! २००९ मध्ये तो वारला तेव्हा त्यानं वयाची शंभरी गाठली होती.

बादिलेच्या शेजारचा डोंगर पित्स चेंगालो. तो मात्र दुसऱ्याच कारणानं लोकांच्या लक्षात राहिला आहे. २०११ च्या डिसेंबरात त्याची एक बाजू ढासळली. पुढल्या उन्हाळ्यात तो राडारोडा ओढ्यावाटे खालच्या बोंदो गावापर्यंत आला. गावकऱ्यांनी शहाणपणा केला. गावाच्या वर दगडमाती अडवण्यासाठी मोठा खोलगट तलाव खोदला आणि ओढ्यात धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा बसवली. २३ ऑगस्ट २०१७ ला सकाळी चेंगालोचा सुमारे तीस लाख घनमीटर खडक सुटला, खालच्या लहानशा हिमनदीवर आदळला आणि बर्फ, पाणी, चिखल यांच्यासकट बोंदास्का दरीतून खाली धावत सुटला. इशारा वेळेवर मिळाला, गाव रिकामं झालं. घरं गेली, पण बोंदोत एकही माणूस दगावला नाही.

वर डोंगरातल्या वाटेवर मात्र त्या सकाळी आठ पदयात्री होते. ते सापडलेच नाहीत. वाटेवर धोक्याच्या सूचना लावलेल्या होत्या, पण वाट बंद नव्हती. ती बंद ठेवायला हवी होती का, हा प्रश्न पुढं न्यायालयापर्यंत गेला. माळीण, तळीये, इर्शाळवाडी ही नावं ज्यांच्या मनातून जात नाहीत, त्यांना बोंदोची गोष्ट परकी वाटणार नाही. डोंगर तिथलाही सरकतो आणि आपलाही. फरक आहे तो त्याच्यावर कुणीतरी डोळा ठेवून बसण्याचा. आणि तोही डोळा सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही, हेही त्या आठ जणांनी दाखवून दिलं.

म्हणून ब्रेगाल्यात जाणाऱ्यानं सकाळी पहिलं काम करावं ते म्हणजे गावातल्या पर्यटन कार्यालयात जाऊन आज कोणती वाट उघडी आहे, हे विचारावं. पाटीवर ‘बंद’ लिहिलं असेल तर ती वाट बंदच. तिथं ‘दोन मिनिटांत जाऊन येतो’ हा आपला खाक्या नको. वाटांच्या खुणाही समजून घ्याव्यात. पिवळी पाटी साध्या वाटेची, लहान मुलं-आजीआजोबांनाही चालेल अशी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथं चांगले बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला की ते काम सरावलेल्यांचं. हवाई बचाव सेवेचा क्रमांक १४१४. निघण्यापूर्वी बचावकार्याचा खर्च देणारा विमा उतरवलेला बरा, कारण हेलिकॉप्टरचं बिल पाहून दुसऱ्यांदा चक्कर यायची!

कुटुंबासह चालायला कासाच्याहून सोल्योपर्यंतची उतारामधली वाट उत्तम. चार-पाच तास लागतात, डावीकडं सतत ती सुळक्यांची रांग सोबत करते. ज्यांना उंचावर जायचंय पण चढ नकोसा वाटतो, त्यांच्यासाठी उन्हाळ्यात प्रांत्साइराहून छोटा रज्जुमार्ग चालतो. तो आपल्याला आल्बिन्या धरणापाशी नेतो. झुरिक शहराच्या वीज कंपनीनं १९५० च्या दशकात बांधलेलं हे धरण ११५ मीटर उंच आहे. तिथून तासाभराच्या आत गिर्यारोहकांच्या निवाऱ्यात पोहोचता येतं. धरणाच्या बाजूलाच ‘फियाम्मा’ म्हणजे ज्वाळा नावाचा ग्रॅनाइटचा सुळका आहे, अगदी समईच्या ज्योतीसारखा. त्याच्या टोकावर एका माणसापुरतीच जागा. प्रस्तरारोहण शिकलेल्यांनीच, तेही वाटाड्या घेऊन, त्याच्या वाटेला जावं. बाकीच्यांनी खालून मान वर करून बघावं. तेवढ्यानंही पोटात गोळा येतो.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. मक्याच्या पिठाचा पोलेंता, चीज आणि पास्ता सगळीकडं मिळतं. जूनअखेर ते सप्टेंबर हे दिवस चालण्यासाठी चांगले. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर पोस्टाच्या बसला वेगळं तिकीट लागत नाही. सोल्योला जाताना प्रोमोन्तोन्योला बस बदलावी लागते.

ऑक्टोबरात गेलात तर शिखरं नवा बर्फ पांघरून बसलेली असतात, पण कास्तासेन्याजवळच्या चेस्टनटच्या बागेत कापणीची धांदल असते. फळं लहान दगडी कोठारांत पसरून खाली मंद विस्तव ठेवतात आणि पाच-सहा आठवडे धुरावर वाळवतात. त्या दिवसांत अख्ख्या बागेला लाकडाच्या धुराचा वास येतो. वाळलेल्या फळांचं पीठ होतं, त्या पिठाचे पाव आणि केक दुकानांत मिळतात. नुसती उकडून खाल्ली तर चव थेट फणसाच्या आठळीची!